मिठाला पाणी सुटतं तेव्हा : कोकणच्या पावसाळ्यात सोलरची लिथियम बॅटरी जपताना

मृग लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि विरघळू लागतं. कोकण किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. समुद्राकाठच्या घरात हेच मीठ डोळ्यांना न दिसणाऱ्या थराने भिंतींवर आणि खिडकीच्या गजांवर बसतं, तसंच सोलरच्या बॅटरीच्या टर्मिनलवरही बसतं. तिथेही त्याला पाणी सुटतं. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे पुढच्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

आमच्या घरी पहिल्याच पावसाळ्यात हे झालं. रात्री अकराच्या सुमारास सगळं घर अंधारात गेलं. बॅटरी साठ टक्के भरलेली दिसत होती, तरी बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या सेलांवर लक्ष ठेवून गरज पडली की लाइन तोडणाऱ्या सर्किटने, लाइन तोडली होती. सकाळी झाकण उघडलं तेव्हा एका सेलच्या लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) हिरवट पूड धरलेली होती आणि बारीक वायरच्या टोकाशी ओल चमकत होती. बॅटरी खराब नव्हती, मी ठेवली होती ती जागा चुकीची होती. पुढे जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. वाडीच्या टोकाला वीज न पोचलेलं घर, बागेतला मांगर, किंवा वादळात आठ-आठ दिवस लाइट जाणारं गाव, अशा ठिकाणी लिथियम बॅटरीवर सोलर चालवणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

सेल दमटपणाला घाबरत नाही

शाळेत लिथियमचा तुकडा पाण्यात टाकला की काय होतं ते वाचलेलं असतं, त्यामुळे भीती वाटते. पण घरगुती सोलरमध्ये आता सर्रास येणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये धातूरूप लिथियम नसतं, ते संयुगाच्या रूपात असतं. आतल्या द्रावातल्या क्षाराला मात्र पाणी खरोखर चालत नाही. पाण्याशी गाठ पडली की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. म्हणून सेलचा कारखाना अतिशय कोरड्या खोलीत चालतो, जिथे हवेचा दवबिंदू उणे 40 अंशांच्या आसपास ठेवतात. सेल तयार झाला की अॅल्युमिनियमचा डबा वेल्डिंगने कायमचा बंद होतो. बाहेर आर्द्रता 95 टक्के असली तरी ती आत पोचत नाही.

मार बसतो तो बाहेरच्या तीन जागांना. लग आणि बसबारचे (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचे) जोड, बीएमएसचं सर्किट व प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या त्याच्या बारीक वायरी, आणि दोन सेलांमधली फट. बॅटरीच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा बहुधा 5 ते 95 टक्के अशी दिलेली असते, पण तिला एक अट जोडलेली असते : दव धरता कामा नये. विक्रेता 95 चा आकडा सांगतो आणि अट राहून जाते. आपल्याला जपायचं आहे ते त्या अटीला.

आधी मोजा

डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. दोन घ्या, एक खोलीसाठी आणि एक बॅटरीच्या बॉक्ससाठी. स्वस्त मापक पाच-सात टक्के सहज चुकतो, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या आणि त्यासाठी मीठच वापरा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, त्याचं पाणी होऊ देऊ नका. ते झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने 75 दाखवायला हवेत. 70 दाखवले तर पुढे प्रत्येक वाचनात 5 मिळवा.

आता दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाच्या वस्तूवर हवेतलं बाष्प पाणी होऊन धरेल ते तापमान. दमट हवेसाठी याचा सोपा हिशेब आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, उत्तराला पाचने भागा, आणि आलेला आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. हवा 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंश. बॅटरीचं अंग 24.5 अंश असेल तर तिला घाम फुटेल, जसा गार पाण्याच्या तांब्याला फुटतो.

जुलैत रात्र आणि दिवस यांच्या तापमानात फार फरक नसतो, तरी नेमकं हेच घडतं. 48 व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी चाळीस-पंचेचाळीस किलोची असते. रात्री ती गार होते आणि सकाळी हवा तापली तरी ती लवकर तापत नाही. नऊ-दहा वाजता दमट हवा आत शिरते तेव्हा बॅटरी अजून रात्रीच्या तापमानावरच असते. पाहणी दुपारी केली तर सगळं कोरडं दिसेल. सकाळी आठ ते दहा या वेळात पाहा. बॅटरीच्या अंगाला छोटा तापमानाचा सेन्सर टेपने चिकटवा, किंवा बीएमएसच्या अॅपमध्ये सेलचं तापमान दिसतं ते घ्या. बॅटरीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर हवं. आठवडाभर रोज सकाळी हे दोन आकडे वहीत लिहा. पुढे काय करायचं ते त्यावरून ठरेल.

जागा

लेड-अॅसिडच्या काळात बॅटरी हवेशीर जागी ठेवायची सवय लागली आणि तिला कारणही होतं, कारण चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणून ती पडवीत, जिन्याखाली, खिडकीशी असायची. लिथियम बॅटरी रोजच्या कामात वायू सोडत नाही. तरीही जुन्या जागीच नवी बॅटरी ठेवली जाते आणि तिच्यावरून दिवसभर खारी ओली हवा वाहत राहते. माझी चूकही हीच होती.

घराच्या मध्याकडची खोली निवडा. बॅटरी आतल्या भिंतीशी असू द्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीशी नको. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, जमिनीची ओल वर ओढतो. गिलावा फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली भिंत असेल तर ती जागा सोडून द्या. बॅटरी थेट फरशीवर ठेवू नका, फरशी गार असते. लोखंडी स्टँडवर फूटभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. चुलीच्या खोलीत नको, कारण तिथे वाफ आणि तेलकट धूर दोन्ही असतात. झोपायच्या खोलीतही नको.

एसीच्या खोलीत ठेवली तर बॅटरी सुखी राहील असं वाटतं. एसी चोवीस तास चालणार असेल तर ते खरं आहे. बाहेरची वीज नसलेल्या, नुसत्या सोलरवरच्या घरात तसं होत नाही. एसी बंद झाला, दार उघडलं की गार बॅटरीवर दव धरतं.

उलट इन्व्हर्टरचा उपयोग करून घेता येतो. मोठा इन्व्हर्टर काही न चालवताही तीस ते साठ वॅट खातो आणि त्याची उष्णता खोलीतच पडते. छोट्या बंदिस्त खोलीत बॅटरीच्या बाजूला इन्व्हर्टर लावला तर ती खोली घरातली सर्वांत कोरडी खोली होते. त्याला बॅटरीच्या डोक्यावर मात्र लावू नका, आणि पंख्याच्या जाळीवरची धूळ महिन्याला साफ करा.

बॉक्स : पूर्ण बंद नको, सताड उघडाही नको

आयपी 65 लिहिलेला बॉक्स घेतला की काम झालं असं सांगितलं जातं. त्यातला पहिला आकडा धुळीचा आहे, दुसरा बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचा. आत धरणाऱ्या दवाबद्दल ते आकडे काहीच सांगत नाहीत. बॉक्स दिवसा तापतो तेव्हा आतली हवा फुगून बाहेर जाते आणि रात्री गार झाला की बाहेरची हवा आत ओढतो. सीलमधून ओल आत येते आणि सहज बाहेर पडत नाही. पूर्ण सीलबंद बॉक्स आणखी एका कारणासाठी नको : सेलमध्ये बिघाड होऊन वायू सुटलाच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी, आणि तो वायू पेट घेणारा असतो.

मी पावडर कोटिंगचं पत्र्याचं कपाट वापरतो. तळाशी आणि वरच्या कडेला छोटी भोकं आहेत आणि त्यांवर बारीक स्टीलची जाळी आहे. जाळी हवीच. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली उबेला येतात आणि सर्किटवर बसलेली एक पाल पुरेशी असते. केबल बाजूने किंवा खालून, ग्लँडमधूनच (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातूनच) आत घ्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातच गळेल. छपरावरून येणाऱ्या पाइपचं तोंड पुट्टीने बंद करा. तो पाइप म्हणजे ओल्या हवेला थेट बॅटरीपर्यंत आणणारी नळीच असते.

सिलिका जेलबद्दल फार बोललं जातं, म्हणून हिशेब मांडतो. 28 अंशांना 90 टक्के दमट हवेत घनमीटरला साधारण 24-25 ग्रॅम पाणी असतं. शंभर लिटरच्या बॉक्समधल्या हवेत अडीच ग्रॅम. शंभर ग्रॅम सिलिका जेल वीस-पंचवीस ग्रॅम पाणी घेतं. म्हणजे बॉक्समधली हवा आठ-दहा वेळा बदलली की ते भरलं. भोकं असलेल्या कपाटात ते काही दिवसांत निकामी होतं. सीलबंद पिशवीत बॅटरी ठेवायची असेल तिथे ते उपयोगी आहे, चालू बॅटरीच्या कपाटात त्यावर विसंबू नका. वापरायचंच असेल तर केशरी रंग बदलणारं घ्या. निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास ठेवलं की ते पुन्हा वापरता येतं.

थोडी ऊब

मला सर्वांत खात्रीचा वाटलेला उपाय हाच. हवेतलं पाणी तेवढंच राहू दे, फक्त बॅटरीभोवतीची हवा थोडी गरम ठेवायची. 27 अंश आणि 95 टक्के असलेली हवा 30 अंशांपर्यंत नेली की तिची आर्द्रता 80 टक्क्यांवर येते. 32 अंशांना ती 71 टक्के होते, म्हणजे मिठाला पाणी सुटायच्या रेषेच्या खाली.

कारखान्यांतल्या विजेच्या पॅनलमध्ये हेच करतात. त्यासाठीचा स्पेस हीटर पॅनलच्या सामानाच्या दुकानात थर्मोस्टॅटसह मिळतो. कपाटाला पंधरा वॅटचा पुरतो. तो मिळाला नाही तर झिरोचा जुना पिवळा बल्ब चालतो, नावाला झिरो असला तरी तो बारा-पंधरा वॅट घेतो. त्याला जाळी लावा. तो तळाशी पण बॅटरीपासून वीतभर दूर ठेवा, वायर किंवा प्लास्टिकला टेकू देऊ नका. पंधरा वॅट दहा तास म्हणजे दीडशे वॅट-तास. पाच किलोवॅट-तासांच्या बॅटरीतून हा तीन टक्के खर्च आहे. 12 व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची एकच बॅटरी असेल तर मात्र तो बारा टक्क्यांच्या आसपास जातो. पावसाळ्यात ऊन आधीच कमी असतं, तेव्हा हा खर्च परवडणार नाही. तिथे कपाटाला आतून इन्सुलेशन लावून हीटर फक्त पहाटे चार ते सकाळी दहा चालवा, किंवा आर्द्रता 75 च्या वर गेल्यावरच चालू होणारा स्विच लावा. हीटर थर्मोस्टॅटवर 35 अंशांना बंद झाला पाहिजे. ऑक्टोबरचं ऊन पडलं की तो काढून ठेवा, जास्त उष्णतेने सेलचं आयुष्य कमी होतं.

जोड

इथे घाई करू नका. आधी सोलर पॅनलचा आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद, मग इन्व्हर्टर, मग बॅटरीचा ब्रेकर. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. 48 व्होल्टचा झटका कोरड्या हाताला फारसा जाणवत नाही, पण दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात. तयार पॅक बॅटरीचं सील तोडू नका, वॉरंटी जाते. तिचे बाहेरचे दोन टर्मिनल एवढंच आपलं क्षेत्र. सेल जोडून पॅक केला असेल तर पुढचं सगळं लागू आहे.

बऱ्याच सेलांचे टर्मिनल अॅल्युमिनियमचे असतात आणि लग तांब्याचे. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यात खारी ओल आली की अॅल्युमिनियम झिजतं. यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई लावायचे, ती कथलाची. इथेही साधा तांब्याचा लग न घेता कथिलाचा मुलामा असलेला लग घ्या, आणि बसबार निकेलचा मुलामा दिलेला.

जोड असा करा. दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, मुलाम्याचा भाग मात्र नको. अॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून घासल्याबरोबर जॉइंट कंपाउंडचा (जोडाला लावायच्या मलमाचा) अगदी पातळ हात द्या आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने, नट आवळा. टॉर्क पाना नसेल तर कोणाचा तरी मागून आणा. अंदाजाने आवळून सेलच्या टर्मिनलचे आटे गेले तर तो सेल गेला. पेट्रोलियम जेली लावायची असेल तर जोड आवळून झाल्यावर वरून लावा, दोन धातूंच्या मध्ये नको. लग आणि केबल मिळते तिथे आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. साध्या स्लीव्हमधून ओल तांब्याच्या तारांमधून वात चढावी तशी आत चढत जाते आणि केबल हातभर आतपर्यंत काळी पडते.

मिठाचा थर धरला असेल तर नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भागत नाही. मीठ त्यात जवळपास विरघळतच नाही. बॅटरी सुटी करून आधी डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसा, मग अल्कोहोलने पुसून ती ओल काढा. लेड-अॅसिडला लावायचो ते खाण्याच्या सोड्याचं पाणी इथे नको, इथे मारायला आम्लच नाही.

दोन सेलांमध्ये ग्लास इपॉक्सीची पातळ शीट हवी. सेलचं निळं आवरण फाटतं आणि अॅल्युमिनियमचे डबे ओलीतून एकमेकांशी बोलू लागतात. लाकडी पट्ट्या ओल धरतात, त्या टाळा. बीएमएसच्या बोर्डवर पारदर्शक संरक्षक लेप आहे का, हे विकत घेतानाच विचारा. बोर्डवर पांढरी किंवा हिरवी पूड दिसली तर तो खरवडत बसू नका, बदला. सगळ्या सेलांचं रक्षण ज्याच्या भरवशावर आहे तिथे काटकसर नको.

जोड ठीक आहे का, हे मल्टीमीटर सांगतो. बॅटरीवर मोठा लोड टाका आणि प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट मोजा. सारख्या जोडांवर आकडे सारखे हवेत. एखाद्यावर दुप्पट आला तर तो उघडा. शंभर अँपिअरला एक मिलिओहमचा जोड दहा वॅट उष्णता काढतो, म्हणजे त्या टोकावर एक छोटं सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं.

बिघाड ओलीचा की उन्हाचा?

आषाढात आठ-दहा दिवस ऊन पडत नाही. बॅटरी पूर्ण भरत नाही आणि बीएमएस सेलांना सारखं करतो ते बहुधा सेल 3.4 व्होल्टच्या वर गेल्यावरच. मग सेलांमध्ये फरक पडतो, टक्केवारीही चुकीची दिसू लागते, आणि दोष दमटपणाला दिला जातो. असा संशय आला तर आधी जनरेटरवर किंवा उघडीप मिळताच बॅटरी एकदा पूर्ण भरा आणि दोन-तीन तास भरलेलीच ठेवा. फरक मिटला तर ओलीचा संबंध नव्हता. तोच एक सेल पुन्हा आठवडाभरात खाली आला तर त्याच्या बारीक वायरीचा कनेक्टर पाहा, तिथे ओल किंवा गंज असण्याची शक्यता आहे.

चाकरमान्यांचं बंद घर

मे महिन्यात कुलूप आणि गणपतीला उघडायचं, अशी अनेक घरं आहेत. इन्व्हर्टर चालूच सोडून गेलात तर रिकामा तीस वॅट धरला तरी दिवसाला 720 वॅट-तास जातात. ऊन नसेल तर पाच किलोवॅट-तासांची बॅटरी आठवडाभरात रिकामी. शेजारी कोणी आठ दिवसांनी डोकावणार असेल आणि पॅनलवर सावली नसेल तर सिस्टिम हीटरसह चालू ठेवा. कोणी नसेल तर बॅटरी 50 ते 60 टक्क्यांवर आणा, ब्रेकर आणि बीएमएस बंद करा, केबल सोडवून टोकांना टोप्या घाला. कोरड्या दुपारी बॅटरी उबदार असताना जाड प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा किलो सिलिका जेलसह बांधा आणि फरशीपासून वर ठेवा. गणपतीला आलात की पिशवी लगेच फोडू नका. खोलीचं तापमान बॅटरीला येऊ द्या, एक दिवस थांबा. पावसात कुरिअरने आलेल्या नव्या बॅटरीलाही हाच नियम.

पाणी घरात शिरलं तर

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा अनेक घरांत पाणी तळमजल्याच्या वर गेलं होतं. नदीकाठी किंवा खाडीकाठी असाल तर बॅटरी माळ्यावर हवी, माळ्याची ताकद तपासून. बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चालू करायचा मोह आवरा. खारं पाणी आत गेलेली लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. पाण्यात उभं राहून तिला हात लावू नका. पाणी ओसरल्यावर, ती फुगलेली, गरम किंवा फुसफुसत नसेल तरच रबरी हातमोजे घालून, दोघांनी मिळून, घरापासून पंधरा मीटर तरी दूर उघड्यावर नेऊन ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. धूर किंवा वास येत असेल तर माणसं बाहेर काढा आणि 101 वर अग्निशमन दलाला फोन करा. भंगारवाल्याला ती देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. बिल जपून ठेवा, आणि तेही प्लास्टिकच्या पिशवीत.